आधी माणसं मोजा, मग कपाट!

नव्या घराची किल्ली हातात पडली की आपण दोन गोष्टी हमखास करतो. रिकाम्या हॉलमध्ये उभं राहून फोटो काढतो आणि मग बेडरूममध्ये जाऊन, हात पसरून म्हणतो, ''इथून इथपर्यंत वॉर्डरोब!''

आम्हीही म्हटलं. का नाही म्हणणार? त्याआधीची चार वर्षं कोथरूडला भाड्याच्या वन बीएचकेत काढली होती. तिथे घरमालकांचं एक लोखंडी कपाट होतं आणि त्यातला एक कप्पा त्यांच्याच सामानासाठी कुलूपबंद! आत काय होतं, शेवटपर्यंत कळलं नाही. पण रोज सकाळी ऑफिसला निघताना ते कुलूप मला आठवण करून द्यायचं की बाई गं, हे घर तुझं नाही. त्यामुळे बाणेरला स्वतःचा टू बीएचके घेतला तेव्हा मला टेरेस नको होती, मॉड्युलर किचनही एक वेळ नको होतं. कपाट हवं होतं. माझं. अख्खं.

खरं तर मी वाढले ती साताऱ्याच्या घरात, चौघांत एका कपाटावर. गोदरेजने स्टीलची कपाटं बनवायला सुरुवात केली १९२३ साली. पुढच्या दोन-तीन पिढ्यांत आपल्याकडे कुठल्याही कंपनीचं लोखंडी कपाट 'गोदरेजचं' झालं. आमचंही तसंच. वरचा कप्पा आईच्या साड्यांचा, त्याखालचा बाबांचा, तिसऱ्यात मी आणि दादा निम्मे-निम्मे, सगळ्यात खाली चादरी-अभ्रे आणि मधे तो करकरणारा लॉकर. दारावरच्या आरशाला आईच्या टिकल्या चिकटलेल्या. साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद. पण लाइट गेले तरी अंधारात हात घालून प्रत्येकाला आपली वस्तू सापडायची.

आता ऐका विनोद. नव्या घरात आम्ही माणसं दोन, कपाटं तीन. आणि तरी रोज सकाळी माझा तोच डायलॉग... ''घालायला काहीच नाही!''

स्लायडिंगचं स्वप्न

आमची पहिली चूक म्हणजे सुरुवातच कॅटलॉगपासून केली. चकाचक आरसा लावलेली, बोटाने सरकणारी दोन मोठी दारं. सात फुटांचा वॉर्डरोब, साडेतीन-साडेतीन फुटांची दोन शटर्स. डावी बाजू माझी, उजवी नवरोबांची. काय फंडू दिसत होतं म्हणून सांगू!

राहायला गेल्यावर पहिल्याच सोमवारी, सकाळी साडेआठला, एक साधं सत्य उमगलं. स्लायडिंगची दारं एका वेळी निम्मंच कपाट उघडतात. मी माझी बाजू उघडली की दोन्ही दारं त्याच्या कपड्यांवर. त्याने त्याची उघडली की माझा हात आत आणि दार अंगावर! लग्नाला पाच वर्षं झाली होती, पण रांगेत उभं राहून कपडे घ्यायची वेळ कधी आली नव्हती.

आणखी एक गोष्ट कॅटलॉगमध्ये दिसत नाही. स्लायडिंगच्या दोन ट्रॅकमध्ये तीन-चार इंच खोली जाते. बाहेरून चोवीस इंच दिसणारं कपाट आतून वीसच उरतं. हँगर असतो सतरा-अठरा इंचांचा, त्यावर शर्टाच्या बाह्या. म्हणजे दार सरकवलं की बाही घासलीच. स्लायडिंग करायचंच असेल तर एकूण खोली सव्वीस-सत्तावीस इंच धरा. साध्या बिजागरीच्या दारांना चोवीस पुरतात, पण मग बेड आणि कपाट यांच्यामध्ये अडीच-तीन फूट मोकळे हवेत. तेवढी जागा नसेल तरच स्लायडिंगचा विचार करा. आमच्याकडे सव्वातीन फूट होते. होते आणि तरीही!

भिंतीपलीकडे काय आहे?

दुसरी चूक पावसाने दाखवून दिली. जुलैत एका लग्नासाठी नवऱ्याचा ब्लेझर काढला तर खांद्यावर पांढरट बुरशी. चामड्याचा पट्टा तर हिरवा! मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी कपाट उघडलं, पाठीवर टकटक केलं आणि एकच प्रश्न विचारला, ''मॅडम, मागे बाथरूम आहे का?''

होतं. शॉवरची भिंत आणि वॉर्डरोबची पाठ एकच. टाइल्सच्या फटींतून पाणी आत मुरत होतं आणि कपाट ते इमानेइतबारे शोषत होतं. मग आधी बाथरूमच्या बाजूने वॉटरप्रूफिंग, फटी भरणं, भिंत नीट वाळेपर्यंत थांबणं आणि त्यानंतर कपाटाला नवी पाठ. या वेळी भिंतीपासून इंचभर सोडून, प्लायला मागच्या बाजूनेही लॅमिनेट मारून आणि वर-खाली हवा खेळायला छोट्या जाळ्या ठेवून. हे सगळं आधी केलं असतं तर निम्म्या खर्चात झालं असतं. तेव्हा मंडळी, डिझायनरला रंग विचारायच्या आधी हे विचारा की या भिंतीपलीकडे काय आहे? बाथरूम असेल किंवा पावसाचा मारा खाणारी बाहेरची भिंत असेल, तर शक्यतो कपाटाची जागाच बदला.

त्या ओलीने माझं एक मोठं नुकसान केलं होतं. त्याबद्दल मी कुणालाच सांगितलं नाही. पण त्याकडे नंतर येते.

बाबा आले

आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. दादा न्यूजर्सीला. साताऱ्याच्या घरात बाबा एकटे. वय चौऱ्याहत्तर, उजवा खांदा वर जात नाही, आणि जेवण म्हणजे सकाळचा भात संध्याकाळी. खूप मिनतवाऱ्या केल्यावर ते आमच्याकडे यायला तयार झाले. सोबत एक निळी चेनची बॅग आणि आईची ट्रंक. त्यांना दुसरी बेडरूम दिली, जिला आम्ही स्टाइलमध्ये 'गेस्ट-कम-स्टडी' म्हणायचो.

तीन महिने झाले. सगळं छान चाललं होतं, निदान मला तसं वाटत होतं. बाबा सकाळी बालेवाडीच्या बाजूला फिरून यायचे, भाजी आणायचे, संध्याकाळी नवऱ्याबरोबर क्रिकेट बघायचे. एका शनिवारी त्यांच्या खोलीत झाडू मारताना दार पुढे ओढलं, तर दाराआड ती निळी बॅग. अर्धी उघडी. आत शर्ट, पायजमे, बनियन, गोळ्यांची पुडकी, पासबुक. सगळं नीट रचलेलं. गादी उचलली तर खाली दोन पँटी, इस्त्रीसाठी ठेवलेल्या.

''बाबा, तुम्ही अजून बॅगेतून कपडे काढून घालता?''

''बरं पडतं गं. निघायचं म्हटलं की लगेच निघता येतं.''

''कुठे निघायचंय?''

त्यांनी उत्तर दिलं नाही. पेपरची घडी घातली, परत उघडली. मग हळूच म्हणाले, ''लेकीच्या घरी किती दिवस राहायचं, याला काही माप असतं.''

मी तावातावाने त्यांच्या खोलीतलं कपाट उघडलं. म्हणजे बघा, एवढं मोठं कपाट समोर असताना! आणि गप्पच झाले. साडेचार फुटी कपाट खच्चून भरलेलं होतं. आमच्या दोन मोठ्या ट्रॉली बॅगा, मिक्सरचा रिकामा खोका (वॉरंटी असेपर्यंत ठेवायचा म्हणून, वॉरंटी संपून गेली होती), दोन लॅपटॉपचे खोके, दिवाळीचे आकाशकंदील, ऑफिसात मिळालेले मग आणि ब्लँकेट्स, नवऱ्याने तीनदा वापरलेले डंबेल्स. मिक्सरच्या खोक्याला आमच्या घरात कप्पा होता. बाबांच्या शर्टांना नव्हता.

कोथरूडच्या घरमालकांचा तो कुलूपबंद कप्पा आठवला. त्यांनी निदान कुलूप तरी लावलं होतं. मी तेवढीही तसदी घेतली नव्हती.

रविवारची मोजदाद

दुसऱ्या दिवशी रविवार. नवरोबांनी फर्मान काढलं, ''तिन्ही कपाटं रिकामी. सगळं हॉलमध्ये.'' दुपारपर्यंत सोफा दिसेनासा झाला. मग मोजायला बसलो. रुमाल-मोजे सोडून माझे कपडे १८७. नवऱ्याचे ९२. बाबांचे ३४.

ही मोजणी मी आता प्रत्येक नवं घर घेणाऱ्याला करायला सांगते, तीही डिझायनरला भेटायच्या आधी. नुसती संख्या नाही, प्रकारही लिहायचे. लटकवायचं लांब काय (ड्रेस, अनारकली, शेरवानी), लटकवायचं आखूड काय (शर्ट, कुर्ते), घडीचं काय आणि खणात टाकायचं काय. लांब कपड्यांना रॉडखाली साधारण पाच फूट लागतात, शर्टांना साडेतीन पुरतात. म्हणजे सात फुटी कपाटात शर्टांचे एकावर एक दोन रॉड बसतात! आमच्या कॅटलॉगवाल्या कपाटात एकच रॉड होता आणि शर्टांखाली साडेतीन फूट निव्वळ हवा.

घडीच्या कप्प्यांची उंची बारा ते चौदा इंच ठेवा. त्याहून उंच ठेवलात तर टी-शर्टचा मनोरा होतो आणि खालचा ओढला की वरचे पायांवर. कप्पा तीन फुटांपेक्षा लांब असेल तर मधे उभा आधार द्या, नाहीतर अठरा एमएमच्या प्लायलाही काही वर्षांनी पोट सुटतं. (माणसांसारखंच!) आतलं लॅमिनेट फिकट रंगाचं घ्या. चॉकलेटी कपाटात काळी पँट शोधून दाखवा, मी मानेन.

माझे ६१ कपडे बाहेर गेले. काही कामवाल्या मावशींच्या मुलीला, काही संस्थेला, काही पुसायला. खोके भंगारात. ट्रॉली बॅगा एकात एक घालून माळ्यावर. आणि साडेचार फुटी कपाट मोकळं झालं.

मिस्त्री टेप घेऊन आले आणि सवयीने मला विचारू लागले. मी म्हटलं, ''मला नाही, बाबांना विचारा.'' बाबा आधी, ''मला काय, दोन शर्ट,'' असं म्हणत राहिले. मग मिस्त्रींनी शहाणपणा केला. म्हणाले, ''काका, हात वर करून दाखवा, कुठपर्यंत जातो?'' हात खांद्याच्या थोडा वर जाऊन थांबला. तिथे पेन्सिलची खूण झाली. जमिनीपासून पाच फूट. रॉड तिथेच बसला. गुडघे वाकत नाहीत म्हणून रोजचं काहीही दीड फुटाच्या खाली नाही. खण कमरेच्या उंचीला, टेलिस्कोपिक चॅनलवर, म्हणजे एका हाताने पूर्ण बाहेर येतात. फॅशनेबल लपवलेल्या खाचांच्या जागी चार बोटं आरामात जातील अशा मुठी. दाराच्या आतल्या बाजूला दोन खुंट्या, एक छत्रीला आणि एक भाजीच्या पिशवीला. तासाभरात बाबा रंगात आले. ''पासबुकाला एक छोटा खण करा, कुलपाचा. आणि गोळ्यांचा डबा डोळ्यांसमोर हवा, नाहीतर विसरतो.''

मी इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून 'मला हे हवं' हे वाक्य क्वचितच ऐकलं असेल.

आईची ट्रंक

आता ते नुकसान. आईची जांभळी पैठणी ट्रंकेतून काढून मी आधीच माझ्याकडे आणली होती आणि दुकानातल्या प्लास्टिकच्या कव्हरमध्ये, तशीच्या तशी, बाथरूमकडच्या कप्प्यात ठेवली होती. वर डांबराच्या गोळ्या. त्या पावसाळ्यात पदराची जर काळपट पडली. बाबांना सांगायची हिंमत झाली नाही. रविवारच्या पसाऱ्यात ती त्यांच्याच हाती लागली.

ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी साडी पलंगावर पसरली, घडीच्या रेघेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, ''तुझी आई दसरा झाला की सगळ्या साड्या खाटेवर काढायची. उन्हात नाही, सावलीत. वारा द्यायची आणि घडी बदलून ठेवायची. मी विचारायचो, दरवर्षी कशाला हा खटाटोप? तर म्हणायची, एकाच जागी वाकून बसलं तर माणसाचंही मोडतं.''

मग त्यांनी मला शिकवलं. जरीची साडी प्लास्टिकमध्ये नाही, धुतलेल्या सुती कापडात गुंडाळायची. कापडाला खळ नको, खळीवर कसर येते. डांबराची गोळी जरीला टेकवायची नाही. वेखंड, लवंगा आणि वाळवलेला कडुनिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवायचा. भारी साड्या हँगरवर महिनोन्‌महिने टांगायच्या नाहीत, स्वतःच्या वजनाने ताणल्या जातात. आडव्या ठेवायच्या आणि एकावर एक फार रचायच्या नाहीत. म्हणजे साड्यांना उंच कप्पे नकोतच. सात-आठ इंचांचे उथळ, सरकते ट्रे हवेत. बघा, अख्ख्या इंटिरिअर डिझाइनचा एक धडा आईच्या ट्रंकेत होता आणि मी तो कॅटलॉगमध्ये शोधत होते.

जर पूर्वीसारखी झाली नाही. ती साडी मी तशीच नेसते. ट्रंक बाबांच्या कपाटात सगळ्यात खालच्या कप्प्यात बसली आहे. तो एवढा एकच कप्पा दीड फुटाखाली आहे आणि तिथून काही काढायचं असेल तर मला हाक येते.

जाता जाता

* प्लायवर आयएसआय मार्क आणि नंबर बघा. आयएस ३०३ म्हणजे सर्वसाधारण वापराचा, आयएस ७१० म्हणजे मरीन. ओलीची शंका असलेल्या भिंतीला मरीनच घ्या. 'एमआर' म्हणजे दमटपणा सोसणारा, वॉटरप्रूफ नव्हे!
* कपाट थेट फरशीवर नको. खाली तीन-चार इंचांचा पाटा हवा, म्हणजे फरशी पुसताना पाणी प्लायला लागत नाही. वाळवीचं औषध कपाट बसवायच्या आधी मारून घ्या.
* एका शटरची रुंदी अठरा ते वीस इंचांत ठेवा. फार रुंद दार बिजागऱ्या ओढतं आणि लोंबायला लागतं. सात फुटी दाराला किमान चार बिजागऱ्या हव्यात.
* बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या जुन्या पुड्या टाकून भागत नाही, त्या कधीच्या ओल पिऊन बसलेल्या असतात. पावसाळ्यात ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे ठेवा आणि भरले की लगेच बदला. सांडले तर ते पाणी कपडे खराब करतं.
* दोघं एकाच वेळी ऑफिसला निघत असाल तर दारं एकाच वेळी उघडणारी घ्या. संसार सुखाचा होतो. स्वानुभव!
* आणि घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावाचा एक कप्पा. येऊन-जाऊन असणाऱ्यांचासुद्धा.

कपाट पूर्ण झालं त्या संध्याकाळी नवऱ्याने छोट्या खणाची किल्ली बाबांच्या हातात ठेवली. ''बाबा, याची दुसरी किल्ली केलेली नाही. हरवू नका.'' बाबा म्हणाले, ''जावईबापू, मी पस्तीस वर्षं ऑफिसची तिजोरी सांभाळली आहे.'' आणि किल्ली पाकिटात टाकून फिरायला गेले.

दोन महिन्यांनी मला ऑफिसच्या कामासाठी कोल्हापूरला जायचं होतं, एक रात्र फक्त. ट्रॉली मोठी पडली असती. बाबांना विचारलं, ''तुमची ती निळी बॅग कुठे आहे?''

त्यांनी पेपरमधून डोकंही वर काढलं नाही.

''माळ्यावर टाकलीय. रिकामीच आहे, घेऊन जा.''